सर म्हणाले, ओढ

डोंगर काय, कुणीही चढतं. खरा कडा समुद्राचा, असं खंडेराव सर इंदिरानगरात भेटेल त्याला ऐकवत. ते शाळेत भूगोल शिकवत. थंडी सरली, दिंडोरीच्या द्राक्षबागांतली फवारणी थांबली आणि त्यांचा जुना विद्यार्थी हनीफ याचं फवारणीपंप दुरुस्तीचं दुकान ओस पडलं, की दोघं दोर घेऊन कोकणात निघत. १९९७ साली सरांचा गुडघा दुखावला आणि दोन मोसम हातचे गेले. तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते पुन्हा समुद्राच्या एका कड्यावर उभे राहिले, तेव्हा त्यांना लग्नातही झाला नसेल एवढा आनंद झाला होता.

"सर, आधी मी उतरू?" हनीफने विचारलं.

"तू दोर सांभाळ. मी 'ओढ' म्हणालो की ओढायचा, 'सोड' म्हणालो की सोडायचा. विषय संपला."

सर दोरावरून झोकात खाली उतरले. लाटांच्या वरच्या एका खडकावर टेकले, कड्याला हात लावला आणि चढायला लागले. गुडघा कुरकुरला नाही. सर खूश. दोन पुरुष उंच चढल्यावर दोर सैल वाटला म्हणून त्यांनी हाक दिली, "ओढ!"

वारा भन्नाट होता. हनीफला वर ऐकू आलं, "सोड." त्याने हातभर दोर सोडला.

"अरे, ओढ!"

आणखी दोन हात सुटला. सरांच्या मांडीवर दोराचं वेटोळं पडलं. दुसरा एखादा शब्द वापरावा, हे त्यांना सुचलं नाही. वर्गात एखाद्याला समजलं नाही, की तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणायचं, ही त्यांची पंचवीस वर्षांची सवय. ते ओरडत राहिले, हनीफ इमानदारीत सोडत राहिला. शेवटी पाय निसटला आणि भूगोलाचे मास्तर घसरत घसरत थेट कमरेएवढ्या पाण्यात आले. मघाचा खडक दिसेना. भरती सुरू झाली होती. ती बघायचं सर साफ विसरले होते. पुढची लाट छातीला लागली, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय पाव्हणे, आंघोळ?"

खडकांना चिकटलेली कालवं काढायला आलेली तिथल्याच गावची भीमाबाई टोपली डोक्यावर घेऊन चार हातांवर एका उंच खडकावर उभी होती.

"वर कसं जायचं?" सरांनी विचारलं.

"पायऱ्यांनी."

कड्याच्या वळणामागे खरोखरच पायऱ्या होत्या. सरांनी दोराची गाठ सोडली आणि निमूट तिच्या मागून निघाले.

वर हनीफ कड्याच्या टोकाशी पालथा पडून दोर सोडत होता. मागे पावलं वाजली तशी तो मान न वळवता म्हणाला, "दादा, जरा मागं थांबा. खाली आमचे सर चढतायत. लय अनुभवी माणूस आहे."

सर मागे थांबले.