बाधित पर्यावरण हजर

पिशवी ठरावाच्या सुनावणीला ओढा मंगळवारी वेळेवर हजर झाला. उशीर झाला तो सभापतींना. नगरपालिकेची लिफ्ट उद्घाटनानंतर चाललेली नाही, त्यामुळे तो जिन्यानेच वर आला आणि सभागृहात मागच्या रांगेत, आईच्या आणि माझ्या शेजारी थांबला.

ठराव आम्हीच मागितलेला, आणि साधा होता. दुकानदाराने प्लास्टिकची पिशवी द्यायची नाही, गिऱ्हाइकाने घरून कापडी आणायची. आमचं घर ओढ्यावरच्या पुलाला लागून. पुलाखालची मोरी पिशव्यांनी तुंबली की ओढा आमच्या स्वयंपाकघरात येतो, दर पावसाळ्यात. पण पर्यावरण समितीतल्या म्हाताऱ्यांनी ठरावाला अट लावून ठेवलेली: बाधित पर्यावरणाने समक्ष म्हणणे मांडल्याशिवाय आढावा पूर्ण धरू नये. म्हणजे ठराव मेला, असा त्यांचा हिशेब. या लोकांनी जन्मभर अटीच लिहिल्या. त्या कुणी पूर्ण करील अशी भीती त्यांना कधी वाटली नाही. मी रीतसर नोटीस पुलाला चिकटवली. ओढा आला.

सभापती दिनकरअण्णा खराडे आल्या आल्या माझ्याकडे वळले. "डिप्लोमा अर्धा टाकलास, आता ओढे गोळा करत हिंडतोस का?"

"एकच आणलाय, अण्णा," मी म्हणालो.

आमच्या गावात नको असलेल्या माणसाला विरोध करत नाहीत, त्याचा सत्कार करतात. अंगावर शाल पडली की माणूस गहिवरतो, दोन शब्द आभाराचे बोलतो आणि मुद्दा विसरून घरी जातो. अण्णांनी अशी भलीभली माणसं शालीखाली झाकलेली आहेत. त्यांनी शिपायाला पिटाळलं. शाल आली प्लास्टिकच्या पिशवीत, नारळ दुसऱ्या पिशवीत, गुच्छ चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. टाळ्या झाल्या. ओढेसाहेब गावाचं भूषण आहेत, असं अण्णा म्हणाले.

"पिशव्या पण माझ्याच ना?" ओढ्याने विचारलं.

"सगळं आपलंच," अण्णा म्हणाले.

"माझ्याकडेच येतात शेवटी," ओढा म्हणाला, आणि त्याने त्या ठेवून घेतल्या.

फरशी धुतलेलं पाणी जायला सभागृहाच्या कोपऱ्यात जाळी आहे. ओढा इतका वेळ तिच्यातून सभ्यपणे खाली जात होता. आता पिशव्या जाळीवर जाऊन बसल्या आणि पाणी चढू लागलं. दार आतल्या बाजूला उघडतं. पाण्याच्या दाबाने ते उघडेना. अण्णांनी खुलासा मागितला. ओढा म्हणाला की तो मुद्दाम काही करत नाही, तो फक्त आहे तिथे आहे.

घोट्यापर्यंत आलं तेव्हा समितीने पाय वर घेतले. गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा आम्हाला संयम शिकवणारी ती सगळी मंडळी खुर्च्यांवर उभी राहिली. आईने पदर खोचला आणि सवयीने आपली चप्पल खिडकीत ठेवली.

"सुलभाताई, हे कुठवर येणार?" अण्णांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी आईला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"आमच्याकडे शेगडीपर्यंत येतं," आई म्हणाली. "तुमचं टेबल तेवढंच आहे. मग थांबतं."

अण्णांनी मला जाळी मोकळी करायला फर्मावलं. मी म्हणालो की ठराव मंजूर नसताना पिशवी अडवणं हे माझ्या अधिकारात बसत नाही.

अण्णांच्या शेजारच्या मुख्याधिकारीबाईंनी ठराव मताला टाकला. फायली आणि मोबाईल भिजू नयेत म्हणून समितीचे हात वर होतेच. बाईंनी ते मोजले, एकमताने मंजूर असं जाहीर केलं आणि दंडाची रक्कम वाढवण्याची दुरुस्तीही त्याच हातांवर मंजूर करून घेतली. हात खाली घ्यायची कुणाची छाती झाली नाही.

मग अण्णा खुर्चीवरून उतरले, कमरेत वाकले आणि स्वतःच्या हाताने त्यांनी जाळीवरच्या पिशव्या काढल्या. आयुष्यात मी बघितलेलं त्यांचं हे पहिलं काम. मी टाळ्या वाजवल्या, मनापासून.

पाणी ओसरलं. दार उघडलं. ओढ्याने बाईंकडून ठरावाची प्रत घेतली, शाल अण्णांना परत केली आणि जिन्याशी थांबून आईला म्हणाला, "येतो, ताई."

"येतो म्हणू नका, दादा," आई म्हणाली. "जातो म्हणा."

त्याने क्षणभर विचार केला. "जातो," म्हणाला, आणि एक एक पायरी करत खाली गेला.