अडतीस फुटांचा माड

जुईनगरच्या सोसायटीतला आतून पोकळ झालेला माड पाडायचा ठरला, तेव्हा तो कुठवर पडेल हे सांगायचं काम नंदकिशोर देवस्थळींनी आपण होऊन अंगावर घेतलं. ते रबाळ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. १९९४ सालच्या त्या रविवारी ते मुलीचा कोनमापक, दोरा आणि मोजपट्टी घेऊन खाली उतरले. कोनमापकाला ओळंबा बांधून, शेंडा बरोबर पंचेचाळीस अंशांवर दिसेपर्यंत मागे सरकले आणि तिथून बुंध्यापर्यंत अंतर मोजलं. कागदावर लिहिलं, अडतीस फूट. जेवढं अंतर तेवढीच उंची, हे त्यांनी जमलेल्यांना दोनदा समजावलं. कुंपणाची भिंत बुंध्यापासून एकेचाळीस फुटांवर होती. म्हणजे भिंत आणि तिच्यावर कालच बसवलेली कमिटीच्या नावांची संगमरवरी पाटी, दोन्ही सुरक्षित.

माड तोडायला दिवाळे गावाहून आलेल्या गंगारामने मात्र माडाकडे पाठ केली, ओणवा झाला आणि स्वतःच्या दोन पायांमधून शेंडा शोधू लागला. दिसेना, तसा आणखी लांब गेला. असं करत तो फाटकाबाहेर रस्त्यावर पोचला, तेव्हा कुठे शेंडा दिसला.

"साहेब, पाटी काढून ठेवा," तो तिथून म्हणाला. "माड हितवर येनार हाय."

सगळे हसले. सर्वांत जास्त नंदकिशोर हसले. हे शास्त्र आहे, असं त्यांनी त्याला मायेने सांगितलं. सेक्रेटरी मानसिंग घोरपड्यांनीही कागदावर विश्वास ठेवला.

माड ठरल्या रेषेत, अगदी सरळ पडला. शेंडा भिंतीवर आदळला आणि पाटीचे तीन तुकडे झाले.

मानसिंग गंगारामवर घसरले. दोर चुकीचा ओढला, आता सेक्टरातल्या एकाही सोसायटीत त्याला पाऊल ठेवू देणार नाही, म्हणाले. गंगाराम दोर गुंडाळत राहिला. नंदकिशोरना धूळ बसायच्या आधीच सगळं उमगलं होतं. त्यांनी कागदाची घडी केली. मग त्या घडीची घडी केली.

"बाबा," दहावीतली ईश्वरी हळूच म्हणाली, "डोळ्यांची उंची मिळवली होतीत ना? कोन जमिनीवरून नव्हता घेतला."

आवाज हळू होता, पण ऐकला सगळ्यांनी. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजारच्या स्मितावहिनींचे हात थांबले.

"नाही," नंदकिशोर म्हणाले. "राहिलीच. चूक माझी. गंगाराम बरोबर सांगत होता."

मानसिंगना ते पटेना. साहेब गरिबाला पाठीशी घालताहेत, असं त्यांना वाटलं. तेव्हा गंगारामने मोजपट्टी मागून घेतली आणि पडलेला माड मोजला. पावणेत्रेचाळीस. मग त्याने तीच पट्टी नंदकिशोरच्या पायाशी टेकवून डोळ्यांपर्यंत नेली. सगळ्या सोसायटीसमोर ते टाचा जुळवून उभे राहिले. पावणेपाच.

मानसिंगनी बोटांवर बेरीज केली, गंगारामला पुढच्या रविवारी मागचा माड पाडायला यायला सांगितलं आणि नंदकिशोरच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं साहेब, तुमी ठेंगणे आहात. सहा फुटी असता, तर माड पार रस्त्यावर गेला असता."

हे गणित साफ चूक होतं. माड तेवढाच राहिला असता आणि तिथेच पडला असता. पण त्या दिवशी दुसऱ्याच्या गणितातली चूक दाखवायला नंदकिशोरना तोंड नव्हतं. ते "हो ना" म्हणाले.