प्रेमपत्राची ऑफिस कॉपी

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला कस्तुरीला काय द्यावं, हा प्रश्न मी फार विचार न करता सोडवला आणि तिथेच फसलो. साडी मला निवडता येत नाही (एकदा निवडली होती, ती सध्या हार्मोनियमवर असते). म्हणून ठरवलं, आपली जुनी प्रेमपत्रं स्कॅन करून द्यायची.

आता तिला लिहिलेली पत्रं माझ्याकडे कशी, असं तुम्ही विचाराल. सांगतो. तेव्हा मी कोल्हापूरला एका वकिलांकडे टायपिस्ट होतो आणि कस्तुरी बंगळुरात, जे. पी. नगरला राहायची. एका लग्नाच्या पंक्तीत तिने मला दोनदा मठ्ठा वाढला, तेवढ्या भांडवलावर मी पत्रव्यवहार सुरू केला. माझं अक्षर मलाच लागत नाही, त्यामुळे पत्रं ऑफिसच्या मराठी टाइपरायटरवर टाइप करायचो. आणि टाइपरायटरपुढे बसलो की हात आपोआप कार्बन घालायचे. मूळ प्रत कस्तुरीला, ऑफिस कॉपी फाइलला, वर जावक क्रमांक. मजकूरही हाताला सवय होती तसाच, परिच्छेदांना आकडे घालून. '१. अर्जदाराचे कामात लक्ष लागत नाही.' (पहिलं पत्र आलं तेव्हा तिच्या आईला वाटलं, गावच्या जमिनीची नोटीस आली.)

मूळ पत्रं बंगळुरातल्या आमच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये येताना सामानात कुठेतरी गेली. कस्तुरी दोन दिवस नीट जेवली नव्हती. माझी फाइल मात्र यंदा माळ्यावर सापडली, वर माझ्याच हस्ताक्षरात 'संकीर्ण'. मी तिथेच जमिनीवर तासभर बसून राहिलो. तो निळा कार्बन, कायम अर्धी ओळ वर उडणारा 'क', आणि पोस्टमन दारावरून पुढे गेला की त्याच्या सायकलमागे जाणारी माझी नजर, सगळं परत आलं. चोविसाव्या वर्षी मी किती मूर्ख होतो आणि किती सुखात होतो, हे एकदमच लक्षात आलं.

हल्ली मी इथल्या एका मोठ्या वकिली फर्ममध्ये असतो. वकिलांची फाइल उघडत नसली, पानांचे आकडे उडाले, कोर्टाच्या साइटवर पीडीएफ चढत नसली की मला हाक मारतात. शिवाय दर सोमवारी मी सगळ्यांना सॉफ्टवेअरची एक टीप पाठवतो. अकरा वर्षं पाठवतोय. कौतुक व्हावं म्हणून घरच्या ग्रुपवरही टाकतो. तिथे आमची लेक वल्लरी व्हाइटफील्डहून न वाचता अंगठा दाखवते.

त्यातली टीप क्रमांक चौदा माझी लाडकी. गोपनीय मजकुरावर नुसता काळा चौकोन काढू नका. चौकोन मजकूर झाकतो, घालवत नाही. आधी मजकूर काढा, मग काळं करा आणि शेवटी तिथलं कॉपी करून दुसरीकडे चिकटवून खात्री करा. हे मी वकिलांना इतकं घोकून सांगितलंय की ते मला लिफ्टमध्ये टाळतात.

अडचण आली जावक क्रमांक सत्तेचाळीसमध्ये. त्याचा चौथा परिच्छेद असा होता : 'आपले वडील हे सदर प्रकरणातील मुख्य अडथळा आहेत. त्यांचा आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा आहे. त्यांच्यासोबत एका छपराखाली एक दिवसही राहणे अर्जदारास शक्य नाही.'

हे नेमकं आत्ता बाहेर येऊन चालणार नव्हतं. माझे सासरे, अप्पा, सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. वय त्र्याऐंशी, नजर जवळजवळ गेलेली आणि जे. पी. नगरच्या घरात एकटेच. आमच्याकडे राहायला या म्हणून कस्तुरी दोन वर्षं त्यांच्या विनवण्या करत होती. आता कुठे ते खोली बघायला यायला तयार झाले होते, तेही आमच्या वाढदिवसाच्या रविवारी.

मी पत्रं स्कॅन केली. शब्द शोधता यावेत म्हणून सॉफ्टवेअरकडून सगळा मजकूर वाचून घेतला आणि चौथ्या परिच्छेदावर छानपैकी काळा चौकोन काढला. टीप चौदा आठवली नाही असं नाही. पण घरचंच तर काम होतं, म्हटलं इथे कोण कॉपी करून बघणार. रविवारी सगळे जमल्यावर फाइल ग्रुपवर टाकली.

कस्तुरीने फोनवर पहिलं पान पाहिलं आणि ती रडलीच. वल्लरीने मला मिठी मारली. अप्पा म्हणाले, मलाही ऐकू द्या. त्यांना दिसत नाही म्हणून त्यांचा फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो. त्यातल्या बाईचा आवाज बँकेत टोकन नंबर पुकारतात तसा. वाचत वाचत ती सत्तेचाळीसवर आली. तिने जावक क्रमांक वाचला, तारीख वाचली, परिच्छेद एक, दोन, तीन वाचले. मग चौथाही वाचला. चौकोन आपल्या डोळ्यांना होता, तिला कुठे डोळे होते? भोंगा आला, छप्पर आलं, आणि बाई शांतपणे पाचव्या परिच्छेदावर गेली. त्यात मी कस्तुरीच्या वेणीबद्दल लिहिलं होतं. ते कोणी ऐकलं नाही.

"सरी," अप्पा कन्नडमध्ये म्हणाले. पन्नास वर्षं बंगळुरात राहिल्यावर त्यांचं मराठी 'ठीक आहे' केव्हाच संपलं होतं. खोली न बघताच त्यांनी टॅक्सी मागवली.

कस्तुरी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माहेरी गेली आणि तशीच गप्प परत आली. मला माझी लाज वाटत होती. चोविसाव्या वर्षी लिहिल्याची नाही, तिची दोन वर्षांची मेहनत एका चौकोनाने घालवल्याची.

पाचव्या दिवशी ग्रुपवर पीडीएफ आली. जावक क्रमांक एक. अप्पांची कैफियत, परिच्छेदनिहाय.

'१. अर्जदाराचे मुलीवर प्रेम आहे. मान्य. पुरावा तीस वर्षांचा आहे.

४ (अ). आवाज भोंग्यासारखा. मान्य. मशीनशेजारी उभे राहून बोलण्याची सवय.

४ (ब). एका छपराखाली राहणे अशक्य. नाकबूल. लग्नानंतर बंगळुरात नोकरी मिळेपर्यंत अर्जदार आमच्या छपराखाली एक वर्ष सात महिने राहिला. त्या काळात त्याची तक्रार नव्हती. खाणेही व्यवस्थित होते.

६. सबब आता आमची पाळी. रविवारी येत आहोत.'

मी ते दोनदा वाचलं. त्या एक वर्ष सात महिन्यांत अप्पा रोज कारखान्यातून येताना माझ्यासाठी नोकरीच्या जाहिरातींची कात्रणं आणायचे, आणि ती मला हातात न देता वर्तमानपत्राखाली ठेवून जायचे. हे मी साफ विसरलो होतो. माझे डोळे भरून आले.

मग सातवा परिच्छेद दिसला. सुरुवात होती, 'जावई म्हणून अर्जदाराबद्दल आमचे स्पष्ट मत :' आणि पुढे साडेतीन ओळी काळ्या.

डोळे पुसून मी लगेच कॉपी केलं. चिकटवलं. काही नाही. फोनला वाचायला लावलं. बाई सहावरून थेट सहीवर गेली. शेवटी फोन केला.

"अप्पा, सातव्यात काय लिहिलंय?"

"टीप चौदा, अरविंदराव," अप्पा म्हणाले. "तुमच्या टिपा मी दर सोमवारी ऐकतो. आधी मजकूर काढायला लावला, मग काळं करायला लावलं. खात्रीही करवून घेतली."

टाइप कोणी केलं, हे विचारायची गरजच नव्हती. कस्तुरी स्वयंपाकघरात गुणगुणत होती. सातव्या परिच्छेदाबद्दल विचारलं तर म्हणाली, अप्पांची खोली झाडून घे.

अप्पा येऊन तीन महिने झाले. भोंगा पहाटे साडेपाचला होतो. परवा फर्ममध्ये मी गोपनीय मजकुराचं प्रशिक्षण घेतलं आणि निर्दोष नमुना म्हणून तीच फाइल वकिलांना दिली (खरं सांगायचं तर कोणाला तरी ते उघडता येईल, अशी आशा होती). अक्षरा नावाची हुशार मुलगी तासभर झटली आणि तिने हात टेकले.

"एकदम पक्कं काम आहे, सर," ती म्हणाली. "पुढच्या वेळी हे ज्यांनी केलंय त्यांनाच शिकवायला बोलवू या ना."