दयानंदचं नववं गाणं

आमच्या शेजारचा दयानंद कपाटात बसून गातो.

कपाट लाकडी, दोन दारांचं. आतल्या फळ्या त्याने काढून टाकल्या, भोवतीने गोधड्या आणि कांबळी टांगली, मध्ये स्टूल ठेवलं. समोर माइक, कानाला हेडफोन, आणि दार आतून ओढून घ्यायला एक सुतळी. "गोधडीत आवाज मुरता, वैनी. घुमणा नाय," असं त्याने मला समजावून सांगितलं. मे महिन्यात घाम कुठे मुरतो, ते मी विचारलं नाही.

हा माणूस त्रेचाळीस वर्षांचा आहे. गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर. पहिली पाळी करून अडीचला गावात, हळर्णला, परत येतो, पेज जेवतो आणि कपाटात शिरतो. लग्न केलं नाही. त्याऐवजी आल्बम केला. नऊ गाणी, सगळी स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली, गिटारही स्वतःच वाजवलेली. ढोल तेवढा कॉम्प्युटरमधून काढला. प्रेमाची गाणी त्याला जमत नाहीत, असं तोच म्हणतो. त्याचं एक गाणं हेल्मेटवर आहे आणि एक शेजाऱ्यांच्या वायफायवर. शेजारी म्हणजे आम्ही. गाण्यात पासवर्ड घातला नाही, एवढं नशीब.

माझी पिठाची गिरण त्याच्या घरापासून वीस पावलांवर. त्यामुळे या आल्बमशी माझा संबंध आला तो शत्रू म्हणून. मी पट्टा चढवला की दोन मिनिटांत दयानंद दारात. डोक्यावर हेडफोन, केसांना कांबळ्याची लोकर चिकटलेली.

"टेक गेलो, वैनी! टेक गेलो!"

टेक म्हणजे एका दमात म्हटलेलं गाणं, हे आता गावात सगळ्यांना माहीत आहे. कारण टेक रोज जायचा. पाववाल्या पोदेराने उंडे विकायला भोंगा वाजवला, टेक गेला. कोणी मिक्सरवर खोबरं वाटलं, टेक गेला. मागच्या काजूत मोर ओरडला तर दयानंद बाहेर येऊन मोराकडे नुसता बघत राही, कारण मोराला सांगून ठेवण्याची सोय नव्हती. हळूहळू ते बोलणं गावाच्या तोंडी बसलं. पेडण्याची बस चुकली की टेक गेला. दहावीत गणित राहिलं की टेक गेला. एका मयताच्या घरीसुद्धा कोणीतरी हळूच म्हणालं, आणि लोकांना खाली बघावं लागलं.

लाइट गेल्यावर खूश होणारा गावात हा एकटाच. गिरण बंद, मिक्सर बंद, पंप बंद. लॅपटॉप बॅटरीवर. बाकीचे पंखा घेऊन अंगणात येत, आणि हा शीळ घालत कपाटात जाई.

सगळ्यांना तो शांतता मागायचा. हात जोडून, "चारच मिन्टां" म्हणून. एका माणसाला मात्र कधीच मागितली नाही. तो माणूस त्याच्या भिंतीपलीकडे राहतो आणि त्याचा सख्खा भाऊ आहे.

वासुदेव त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. देवळातल्या भजनात पखवाज वाजवतो. सहा वर्षांपूर्वी दयानंदने वडिलांची पेटी उघडली आणि आत माइकची वायर बसवली. पेटीचा एक सूर कायमचा गेला. वासुदेव म्हणाला, बापाचा गळा चिरलास. दयानंद म्हणाला, उंदरांनी आधीच खाल्ला होता. बोलणं थांबलं ते थांबलंच, आणि वर्षाच्या आत घराच्या मधून भिंत आली. दोघं एकमेकांना "पलीकडलो" म्हणतात.

पण एका घरातले दोन भाग, एक विहीर, एक घरपट्टी. निरोप लागतातच. ते मी नेते. नेते म्हणजे काय, दोघं आपापल्या पायरीवर उभे असतात, मधे सहा हात अंतर, आणि मी अंगणात.

"गो शालिनी, पलीकडल्याक सांग, विहिरीची दोरी कुसली."

"वैनी, पलीकडल्याक सांग, नवी हाडून ठेवल्या. डोळे आसत तर दिसात."

"ताका सांग, माझे डोळे बरे आसत."

मी तोंडही उघडायची नाही. नुसती उभी राहायची. मी नसले तर मात्र दोरी कुजत राहायची.

तर आठ गाणी झाली. नववं राहिलं आणि तिथेच घोडं अडलं. "आठांत ढोल आसा, तुझी गिरण ढोलाखाली लपली," दयानंद म्हणाला. "ह्यात काय नाय. नुसतो गळो आनि गिटार. शिंकलंय तरी ऐकाक येतला." आल्बम सोमवारी येणार असं त्याने इंटरनेटवर जाहीर करून टाकलं होतं. शुक्रवारपर्यंत गाणी पाठवायची. त्याच्या हातात उरला एक गुरुवार, आणि सप्ताह तोंडावर म्हणून भजनी मंडळाची तालीम रोज दुपारी तीन ते सहा वासुदेवाच्या ओसरीवर. सात टाळ, एक पखवाज, मधे एक भिंत.

"सांग गे ताका," दयानंद मला म्हणाला. पहिल्यांदाच.

मी अंगणात जाऊन उभी राहिले. दोघं पायरीवर आले.

"वैनी, पलीकडल्याक सांग, गुरुवारी माका शांतता होई. चार मिन्टां."

"ताका सांग," वासुदेव म्हणाला, "ह्या देवाचा काम आसा. कपाटातल्यासाठी थांबाचा नाय."

"ताका सांग, आठ म्हयने मी त्याच्या टाळांत गायलंय. एक शब्द बोलूक नाय."

"ताका सांग, बोलूक होया होता."

वासुदेव आत गेला. दयानंदही गेला. मी घरी येऊन मासे तळले, कारण दुसरं काय करणार.

गुरुवारी मी अडीचलाच पट्टा उतरवला. तीन वाजले, टाळ वाजले नाहीत. सव्वातीन झाले तरी नाहीत. काय झालं बघायला मी रस्त्यावर आले, तर वळणावर वासुदेव उभा. डोक्याला टॉवेल, हातात छत्री, आणि छत्री रस्त्यात आडवी.

भजनी मंडळाला त्याने परत पाठवलं होतं. गॅस सिलिंडरवाल्याची पिकअप वडाखाली इंजिन बंद करून उभी. मासळीवाली शेवंती स्कूटर ढकलत चाललेली. पुढे पोदेर आला. वासुदेवाने काही न बोलता त्याच्या सायकलवरचा भोंगा मुठीत धरला. पोदेर म्हणाला, "कोण गेलो?" वासुदेवाने ओठांवर बोट ठेवलं. मग किल्ला बघायला आलेलं एक परदेशी जोडपं भाड्याच्या बुलेटवरून आलं. त्यांना वाटलं पुढे काहीतरी पवित्र स्थान आहे. त्यांनी गाडी बंद केली, हात जोडले, आणि तो दोनशे किलोचा लोखंडी रेडा चढावर ढकलत नेला. वासुदेवाने त्यांना परतून हात जोडले.

चार मिनिटांचं गाणं दयानंदला पाऊण तास लागलं. तेवढा वेळ वासुदेव तिथेच. गुडघे दुखायचे तेव्हा एकदा या पायावर, एकदा त्या.

शेवटी घराचं दार उघडलं आणि दयानंद बाहेर आला, नखशिखांत ओला, जणू विहिरीतून काढला.

"टेक झालो, वैनी! झालो! तू बघितलंस, एक आवाज नाय आज! मोरसुद्धा नाय!"

मी म्हटलं, "मोराचं माहीत नाही. रस्ता तुझ्या पलीकडल्याने अडवलाय. तीन वाजल्यापासून उन्हात उभा आहे."

मला वाटलं, आता डोळेबिळे पुसेल. पण तो म्हणाला, "दादा उभो आसा? त्या गुडघ्यार? आनि साडेतीनची गोळी?"

"कसली गोळी?"

"साडेतीनाक घेता. तांब्यो खाली ठेवता तेव्हा भिंतीतून कळता माका. आज वाजूक नाय, माझ्या ध्यानातच येवक नाय." तो आत वळला. "परवाधरून खोकतासुद्धा. उजव्या कुशीर झोपलो की जास्त."

स्टो पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो चहाचा कप आणि बशी घेऊन बाहेर आला आणि माझ्यापुढे धरली. "नेऊन दी गे ताका."

मी म्हटलं, "माझी अकरा दळणं पडली आहेत. तुला पाय आहेत."

तो गेला. मी मागे गेले ते फक्त एवढ्यासाठी, की दोघं भांडलेच तर मधे कोणीतरी असावं. वासुदेव अजून छत्री आडवी धरून होता. दयानंदने बशी पुढे केली. वासुदेवाने छत्री काखेत मारली, कप घेतला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताका सांग, साखर घालूक विसरलो."

मी सवयीने दयानंदकडे वळले.

"विसरूक नाय," दयानंद सरळ त्याच्याकडे बघत म्हणाला. "डॉक्टरान बंद केल्या ना तुझी, दादा."

वासुदेव माझ्याकडून त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "एक चमचो चलता."

"अर्धो."

"बरा. अर्धो."

मी गिरणीकडे परत निघाले. त्या दोघांच्या मधे माझं काही काम उरलं नव्हतं.