एकानंच वाढते

भगत मॅडमना कुणी वय विचारलं, की त्या उलट विचारायच्या, "वाढवाच्या आधीचं सांगू का नंतरचं?"

दिग्रसच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी टायपिंग शिकवायचो आणि त्या पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची भाषा. तिच्यात दोन अधिकचिन्हं लावली की आकडा एकानं वाढतो, दोन वजाचिन्हं लावली की एकानं उतरतो. चिन्हं आकड्याच्या नावाआधी असली तर आधी वाढ, मग उत्तर. नंतर असली तर जुनंच उत्तर हाती देऊन मागाहून वाढ. एवढ्याशा गोष्टीवर मॅडम अख्खा आठवडा काढायच्या. चहावाल्यानं "अजून एक देऊ?" म्हटलं, तरी "हा पियाच्या आधी का नंतर?" पोरं हसायची. "हसा! इथं चुकाल तं पहिल्याच मानसाचा नंबर हुकन."

कापसाचे वाईट दिवस होते. खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्या तीन-तीन दिवस रांगेत उभ्या, आणि मधे घुसणाऱ्यांवरून रोज हाणामारी. मॅडमनी आपणहून केंद्रासाठी वेबसाइटचं एक पान लिहून दिलं. एका गाडीचं वजन झालं की बटण दाबायचं, फाटकावरच्या पडद्यावर पुढचा नंबर. दुपारी बटणावर त्या स्वतः बसायच्या. भांडणं थांबली.

एकदा मी तिथं असताना केंद्राचे साहेब आले. "मॅडम, चौदानंतर एकदम वीस येऊ द्या. आपल्या मानसाची गाडी हाय."

"काहून?"

"काहून म्हंजे? मी सांगून राह्यलो म्हणून!"

"यानं एकच वाढते, साहेब. सहानं वाढवाचं मले येत नाही."

धडधडीत खोटं. सहानं कसं वाढवायचं ते त्यांनी आदल्याच आठवड्यात पोरांना शिकवलं होतं.

साहेबांनी पडद्याची वायर उपटली. "आता वाढवा!"

मॅडमनी मला पिटाळून क्लासचा फळा ऑटोतून आणवला, फाटकात उभा केला आणि खडूनं लिहिलं, १५. मग खणखणीत आवाजात, "पंधरा!" पंधरावाल्यानं बैल हाकले. वीसवाल्यानं गाडी तिरपी घालून पाहिली, तर सोळा ते एकोणीस खाली उतरून तिच्यासमोर उभे राहिले.

"बाई, उद्यापासून फाटकात पाय ठेवाचा नाही!" साहेब ओरडले.

"उद्याचं उद्या. सोळा!"

दुसऱ्या दिवशी त्यांना खरंच आत घेतलं नाही. पडदाही पुन्हा लागला नाही. फळा मात्र गाडीवाल्यांनी परत केला नाही. नंबर तेच लिहू लागले.

त्यानंतर एका सकाळी मी एसटीला निघालो होतो. फाटकाबाहेरच्या रांगेत मॅडम दिसल्या, दोन बादल्या घेऊन. एक बैल पाणी पीत होता आणि त्या त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या.

"रोजच येते बाई," एक म्हातारा गाडीवान मला म्हणाला. "पाणी पाजते अन् लय बोलते त्यायच्या संगं."

मला पाहून मॅडम ओशाळल्या.

"घरी बोलाले कोन हाय?" बादली पुढच्या बैलाकडे सरकवत त्या म्हणाल्या. "हे निदान कान हलवते."