हिस्सेदार पाळीवर

रविवारी सकाळी जागेश्वरराव न्हाणीतून बाहेर आले ते हातात साबणाची वडी घेऊन. ती त्यांनी पंच्याने पुसली आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवली.

"अजी, ओली साबण तिथं कायले ठेवता?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"साबण नाही ते," जागेश्वरराव हळू आवाजात म्हणाले. "आपली कंपनी आहे."

झालं होतं असं की, नागपूरला नोकरी करणारी त्यांची मुलगी गुंजन सुट्टीला गावी, कोंढ्याला आली होती. तिने वडिलांच्या मोबाइलवर शेअर बाजाराचं खातं उघडून दिलं. "पेन्शनीतले थोडेसेच लावा, बाबा. आधी समजून घ्या," असं तिने चारदा बजावलं. जागेश्वररावांनी मग घरभर फिरून कंपनी निवडली. लग्नापासून ज्या 'हंसिनी' साबणाने अंग घासलं, जिने कधी दगा दिला नाही, तिचेच शेअर त्यांनी घेतले. "शेअर म्हणजे काय होते पण?" या प्रश्नावर गुंजन सहज बोलून गेली, "म्हणजे हिस्सा. तुमी आता हंसिनीचे हिस्सेदार." दुसऱ्या दिवशी ती नागपूरच्या बसमध्ये बसली. आपण घरात काय पेरून चाललो आहोत, हे त्या बिचारीला कुठून कळणार!

कारण कोंढ्यात हिस्सा ही साधी गोष्ट नाही. गावच्या तलावाचं पाणी ज्याच्या धानाला मिळतं, तो तलावाचा हिस्सेदार. आणि तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, खचायला लागली की हिस्सेदाराने फावडं घेऊन पाळीवर हजर व्हायचं. जो आला नाही, त्याला पुढे वर्षभर चावडीवर कोणी बस म्हणत नाही. जागेश्वररावांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली होती, शेताशेताला पाणी वाटून देण्यात. हिस्सा म्हणजे काय ते त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

तेव्हा हिस्सेदाराने पहिला मोर्चा घरच्याच दुकानाकडे वळवला. ओसरीवरचं हे किराणा दुकान गोदावरीबाईंचं. त्यांनीच ते काढलं आणि त्यांनीच वाढवलं. गुंजनचं शिक्षण त्याच्यावर झालं होतं. आजवर जागेश्वरराव तिथे फक्त फुटाणे खायला येत. आता त्यांनी 'झुळूक' साबणाचे सगळे खोके उचलून गोठ्यात नेऊन टाकले.

"आपल्याच घरात वैऱ्याचा माल!" ते म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या मंगलाबाई आल्या. "एक झुळूक द्या, भाऊजी."

"झुळूक नाही. हंसिनी घ्या."

"मले हंसिनीनं खाज येते."

"हंसिनीनं खाज येते?" जागेश्वरराव उठून उभेच राहिले. कोणी पोटच्या पोरीला नावं ठेवावीत तसं झालं त्यांना. "बाई, अख्खा देश आंघोळ करून राहिला तिनं. तुमचंच अंग काहून येगळं?"

मंगलाबाई समोरच्या मधुकररावांच्या दुकानात गेल्या. त्यांनी साबण तिथे घेतला, मग तेलही घेतलं, मीठ घेतलं, चहापत्ती घेतली. साबणासाठी कोणी दोन दुकानं हिंडत नाही. आठवडाभरात निम्मं गाव त्यांच्या मागून रस्ता ओलांडून गेलं, आणि गोदावरीबाईंचा तराजू रिकामा लोंबत राहिला.

त्यातच हंसिनीचा टेम्पो तलावाजवळच्या चिखलात रुतला. बातमी ऐकताच जागेश्वररावांनी धोतर खोचलं, फावडं घेतलं आणि गावात हाक दिली. हाक पाळीवरची वाटल्यामुळे माणसं धावली. गुडघाभर चिखलात उतरून जागेश्वररावांनी चाकाखाली दगड लावले, खांदा लावला आणि टेम्पो बाहेर काढला. त्या टेम्पोच्या पाठीवरून त्यांनी मायेने हातही फिरवला.

टेम्पोवाला कैलाश बघतच राहिला. "काकाजी, तुमी कोण?"

"मी?" जागेश्वररावांनी कपाळावरचा चिखल पुसला. "मालकांपैकीच."

कैलाशने हात जोडले. भंडाऱ्याला जाऊन त्याने साबणाच्या एजन्सीच्या शेठला सांगितलं की कंपनीचे एक मालक कोंढ्यात राहतात, धोतर नेसतात आणि माल अडला तर स्वतः चिखलात उतरतात. शेठ खुर्चीवरून उठलाच. इतका मोठा माणूस आपल्याच भागात राहतो आणि आपण त्याला कधी भेटलो नाही! घाबरून त्याने दुसऱ्याच दिवशी मालकांच्या दुकानाला भरलेला टेम्पो पाठवला. पैशाचं नावही काढायचं नाही, अशी कैलाशला ताकीद होती.

त्या दिवशी तालुक्याला गेलेल्या गोदावरीबाई परत आल्या तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साबण छतापर्यंत रचलेला होता. साखरेला, पोह्यांना, एवढंच काय जिऱ्यालाही हंसिनीचा वास येत होता. त्या राशीसमोर खाटेवर बसून जागेश्वरराव मोबाइल बघत होते आणि त्यांचा चेहरा पडलेला होता.

"आपला भाव घसरला," ते म्हणाले. "मी टेम्पो काढला, तरी घसरला!"

गोदावरीबाईंनी हातातली पिशवी तशीच खाली टाकली. त्यांनी गुंजनला फोन लावला. "तू आत्ताच ये. तुह्या बापाच्या हिश्शात माह्यं दुकान बुडून राहिलं."

गुंजन आली. आधी पोट धरून हसली, मग आईचं तोंड पाहून गप्प झाली. तिने टेम्पोने आलेला सगळा साबण कैलाशबरोबर परत पाठवला, हंसिनीचे शेअर विकले, त्या पैशात दुसरंच काहीतरी घेतलं आणि मोबाइल दाखवत वडिलांना समोर बसवलं.

"बाबा, एकाच कंपनीत जीव अडकवायचा नाही. याले ईटीएफ म्हणतात. एक युनिट घेतलं की देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा हिस्सा त्यात येते."

"हंसिनी बी?"

"हंसिनी बी."

जागेश्वररावांनी गोठ्याकडे पाहिलं. "अन् झुळूक?"

"ते बी."

ते उठले. गोठ्यात जाऊन झुळूकचे खोके आणले, एकेक पुसले आणि फळीवर हंसिनीच्या मांडीला मांडी लावून बसवले. मग मंगलाबाईंच्या दारात जाऊन म्हणाले, "बाई, माफ करा. झुळूक बी आपलीच निघाली." मंगलाबाईंना काहीच कळलं नाही, पण त्या आल्या.

त्या संध्याकाळी जागेश्वरराव गावातून फिरले ते जत्रेत आल्यासारखे. मोबाइलचा टॉवर आपला. पवनीच्या रस्त्यावरून सिमेंट घेऊन जाणारा ट्रक आपला. वाटेत भेटलेल्या चिंधूच्या बुडाखालची मोटरसायकल, तिच्यातलं पेट्रोल, ती ज्या कर्जावर घेतली ती बँक, सगळ्यात आपला कण कण हिस्सा! मग चालता चालता ते एकदम थांबले आणि लगबगीने घरी आले.

"गुंजन, पन्नास ठिकाणच्या पाळीवर मी एकटा कसा जाऊ व?"

"बाबा, इथं पाळीवर कोणीच जात नाही. हिस्सेदार आपापल्या घरी बसून राहतात."

"कोणीच?"

"कोणीच नाही."

"अन् तरी तलाव फुटत नाही?"

"नाही."

जागेश्वरराव खाटेवर टेकले. लाखो हिस्सेदार, एकाच्याही हातात फावडं नाही, आणि एवढा मोठा देश चाललेला! इतकं अचाट त्यांनी जन्मात काही ऐकलं नव्हतं. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "या पन्नासात आपलं दुकान आहे का?"

"नाही, बाबा. ते फक्त आईचं आहे."

आपण टॉवरचे मालक आणि ज्या ओसरीवर बसून फुटाणे खातो तिथे आपलं काहीच नाही, हे त्यांना आज पहिल्यांदाच दिसलं. ते गल्ल्यावर बसलेल्या गोदावरीबाईंकडे वळले आणि नव्या जावयासारखे लाजत म्हणाले, "गुंजनची माय, मले एक हिस्सा देशील का?"

गोदावरीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "त्या हंसिनीसाठी चिखलात उतरले तुमी. इथं कधी चटई तरी झटकली?" मग त्या उठल्या, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि त्यांच्या हातात दिला. "घ्या हिस्सा. पण आपल्या इथं तलावाचाच जुना कायदा आहे."

सकाळी मंगलाबाई दुकानात आल्या आणि पायरीवरच थबकल्या. "अगाई! भाऊजी, तुमी अन् झाडू?"

जागेश्वररावांनी कंबर सरळ केली. त्या रविवारी साबणाची वडी फळीवर ठेवताना होते तसेच भाव त्यांच्या चेहऱ्यावर होते.

"पाळीवर आलो, बाई," ते म्हणाले. "जरा बाजूला व्हा, पायरी राहिली आहे."