जेम्स मास्तरांचा परवाना

जेम्स मास्तरांनी भिंतीकडे तोंड केले, त्याला चौथा महिना लागला होता. राहुरीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात एक पलंग होता, पलंगाला लागून निळसर चुन्याची भिंत होती आणि पत्नीला मातीआड करून आल्यापासून त्या भिंतीखेरीज दुसरे काही पाहण्याची मास्तरांना इच्छा उरली नव्हती. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती ऐकली आणि यशयाला ओसरीवर नेऊन ते हळूच म्हणाले, "शरीरात काही नाही. माणूस आतून उठून गेलाय. कशात तरी जीव गुंतवा त्यांचा, नाहीतर नाताळापर्यंत..." पुढचे शब्द त्यांनी पिशवीत भरले आणि ते निघून गेले.

यशया हा मास्तरांचा एकुलता मुलगा. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला होता. आयुष्यात कोणाशी मोठ्याने बोलावे लागू नये म्हणूनच जणू त्याने ती नोकरी धरली होती. त्याने वडिलांपुढे रेडिओ लावला, बाजाची पेटी दुरुस्त करून आणली, जुन्या विद्यार्थ्यांची पत्रे वाचून दाखवली. भिंत ऐकत राहिली. मास्तरांनी कूस बदलली नाही.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी एस्तेर आत्या मास्तरांना पेज भरवत होत्या. त्या मास्तरांच्या धाकट्या भगिनी. चर्चच्या महिला मंडळात व्यसनमुक्तीचे काम त्यांच्याकडे होते आणि ते त्या घरातही करीत.

"मातीसारखं लागतं," मास्तर म्हणाले.

"मग काय खावंसं वाटतं, दादा?"

मग भिंतीला उद्देशून मास्तर म्हणाले, "पोर्ट."

आत्यांचा चमचा हवेत थांबला.

"एक्केचाळीस साली टायफॉइडनं इस्पितळात पडलो होतो," मास्तर बोलू लागले. "तिथं फर्नांडिस नावाचा गोव्याचा कंपाउंडर होता. नाताळाच्या दिवशी त्यानं औषधाच्या ग्लासातून दिली. साधी वाईन नव्हे ती. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात ब्रँडी ओततात, म्हणजे गोडी तिथल्या तिथं राहते. दाट, काळसर तांबडी. आधी मनुका लागतात, मग भाजलेला अक्रोड, मग करपत आलेली साखर. आणि गिळल्यावर छातीत कुणीतरी कंदील लावून ठेवल्यासारखं वाटतं."

चार महिन्यांत मास्तर इतके बोलले नव्हते. यशया दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्या कंदिलाचा उजेड क्षणभर त्याच्याही अंगावर पडला.

"अहो दादा, दारूला शिवणार नाही म्हणून शपथपत्रावर सही आहे तुमची!"

"ती सही बेचाळीस सालची आहे," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यशया गावातल्या वाईन शॉपसमोर गेला. समोर म्हणजे रस्त्याच्या पलीकडे. तिथे सायकलच्या दुकानापुढे तो अर्धा तास उभा राहिला, दोनदा नसलेल्या सायकलची चौकशी केली आणि अखेर पाण्यात उडी घ्यावी तसा रस्ता ओलांडला. दुकानदार सूर्यभान त्याला पाहून उठूनच उभा राहिला.

"सलाम, सलाम! लायब्ररीवालं, आज वाट चुकलं जनू!"

"पोर्ट वाईन आहे का?" यशयाने काउंटरला विचारले.

"वाईन फकस्त पाटीवर हाय, आत न्हाई. रम हाय, व्हिस्की हाय, देशी पायजे तेवढी. ही पोर्ट कशी असती?"

"गोड असते. दाट."

"गोड!" सूर्यभानने रांगेतल्या मंडळींकडे पाहिले. "आवो, आजूबाजूला चिक्कार साखर कारखानं. मानसं गोडाला इटून माझ्याकडं येत्यात."

"रम घ्या आन वरून गुळाचा खडा चावा," रांगेतून सल्ला आला. यशयाचे कान तापले. तो वळला तेव्हा सूर्यभानला त्याची दया आली असावी. "नगरला मोठ्या दुकानात बघा. पन तिथं परवाना मागत्याल हां. पिन्याचा परवाना लागतो कायद्यानं."

"तुम्ही मागता?"

"आमी मागितला तर दुकानात फकस्त माशा उरत्याल की!"

खोटे बोलणे यशयाला जमत नसे, त्यामुळे घरी येऊन त्याने घडले तसे सांगितले. 'परवाना' हा शब्द आला आणि पलंग कुरकुरला. मास्तरांनी भिंतीकडे पाठ केली होती.

"परवाना लागत असेल, तर परवाना काढूनच आणायची. अडतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय मी. कागद आण. रेघा मारलेला."

नगरच्या यष्टीत मास्तर मुलाच्या खांद्यावर मान टाकून बसले होते. पण दाढी केली होती आणि कोटाची तिन्ही बटणे लावली होती. दारूबंदी खात्याच्या कार्यालयात गहिनीनाथ नावाचे भाऊसाहेब टेबलावर होते. त्यांनी अर्ज वाचला, उलटा केला आणि पुन्हा वाचला.

"दुकानाचा परवाना ना?"

"पिण्याचा."

"आवो, जरा इकडं या," भाऊसाहेबांनी शेजारच्या खोलीत हाक दिली, "हे बाबा पिन्याचा परवाना मागत्यात!" तीन माणसे चहाचे कप घेऊन आली आणि पाहुणा पाहावा तशी मास्तरांना पाहू लागली.

"बाबा, तुमाला पोलिसांनी धरलं हुतं का?"

"नाही."

"मग घरी बसून प्या की निवांत. कोन बघतंय?"

"मी बघतो," मास्तर म्हणाले.

कप खाली ठेवले गेले. कोरा अर्ज कोणत्या कपाटात असतो, हे शोधण्यात दुपार गेली. अर्ज सापडला तेव्हा त्याला डॉक्टरांचा दाखला, फोटो आणि दोन प्रतिष्ठित गृहस्थांची शिफारसपत्रे लागतात असे दिसले. भाऊसाहेबांनाही ते त्याच दिवशी कळले. पुढच्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते, त्याच्या पुढच्या खेपेला शिक्का. पहिल्या खेपेला मास्तरांना उचलून यष्टीत चढवावे लागले होते. तिसऱ्या खेपेला ते काठी टेकत चढले आणि चौथ्या खेपेला काठी कार्यालयातच विसरून आले, स्टँडवर मिसळ खाल्ली आणि तर्री कमी पडली म्हणून हॉटेलवाल्याशी भांडले. यशया शेजारी मान खाली घालून बसला होता. तसे सुखाने मान खाली घालण्याचे दिवस त्याला विरळाच मिळाले होते.

गावात मात्र वेगळेच पसरले. जेम्स मास्तर शोकाने दारूला लागले आणि आता सरकारी मान्यतेने पिणार आहेत, असे लोक एकमेकांना सांगू लागले. महिला मंडळाच्या नऊ बायका प्रार्थनेसाठी आल्या आणि रिकाम्या पलंगाभोवती उभ्या राहिल्या.

"आजारी मानूस कुठाय?" छबूबाईंनी विचारले.

"फोटो काढायला गेलाय," एस्तेर आत्या म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळले.

शिफारसपत्रासाठी पाळकसाहेबांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिले : 'सदर गृहस्थ पूर्णपणे निर्व्यसनी असून त्यांस मद्यपानाचा परवाना मिळावा, ही विनंती.' मास्तरांनी ते पत्र तीनदा वाचले आणि एक स्वल्पविराम वाढवला.

परवाना मिळाला, तेव्हा डिसेंबर उजाडला होता. नगरच्या मोठ्या दुकानाचे मालक काकासाहेब यांनी तो उजेडाकडे धरला. "हा असा असतो व्हय!" ते आदराने म्हणाले. "इतकी वर्सं धंदा करतोय, पन आज दर्शन झालं." पोर्टची एकच बाटली काचेच्या कपाटात होती. मास्तरांनी तिच्याकडे बोट दाखवले.

"ती शोची हाय, मास्तर. रंगाचं पानी. ही असली गोड वाईन कोन विचारीत न्हाई, म्हून कंपनी धाडीत न्हाई. मुंबईला कळवतो."

आणखी दोन खेपा झाल्या आणि नाताळाच्या आधीच्या शुक्रवारी बाटली घरी आली. दिवेलागणीला मास्तर खुर्चीत बसले. यशयाने औषधाच्या दोन लहान ग्लासांत ओतली. एस्तेर आत्या आतल्या खोलीत पाठ करून मोठ्या आवाजात गीत म्हणत होत्या. यशयाने जिभेला लावली आणि तो थक्क झाला; मनुका होत्या, अक्रोड होता आणि अगदी शेवटी, दूरवरच्या फडात पाचट पेटवावे तसा गोड धूर होता. मास्तरांनी डोळे मिटले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळले.

"हीच," ते म्हणाले.

सकाळी यशया चहा घेऊन गेला, तर मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाबा, चहा."

"नको रे. झालं सगळं. आता काही राहिलं नाही."

कप हातात घेऊन यशया तसाच उभा राहिला. रात्रभर धुके पडले होते आणि ते उंबऱ्यापाशी अजून रेंगाळत होते. त्या दाट गोडीने वडिलांना उठवले, असे त्याला वाटत आले होते. ते खरे नव्हते. उठवले होते ते भाऊसाहेबांनी, हरवलेल्या अर्जाने, दौऱ्यावरच्या साहेबांनी, रंगाच्या पाण्याने. ती न मिळणे हेच औषध होते आणि मूर्खासारखी त्याने ती मिळवून दिली होती.

तो स्वयंपाकघरात गेला. बाटलीत अजून चारातले तीन हिस्से शिल्लक होते. त्याने ती डब्याच्या पिशवीत घातली, सायकलवरून ग्रंथालय गाठले आणि ज्यांना आजवर कोणी हात लावला नव्हता त्या जुन्या वार्षिक अहवालांच्या मागे ती उभी केली. मग परत येऊन तो पलंगाशी उभा राहिला.

"बाबा, बाटली फुटली."

भिंतीकडूनच प्रश्न आला.

"कशी?"

"हातातून निसटली. मोरीत. सगळी वाहून गेली."

मास्तर सावकाश वळले. त्यांनी मुलाच्या कोरड्या हातांकडे पाहिले. मग नाक किंचित वर करून घरातली हवा हुंगली. हवेत फक्त चहाचा आणि चुलीचा वास होता. यशयाने मान खाली घातली. बत्तीस वर्षांत वडिलांशी बोललेले हे त्याचे पहिले खोटे होते आणि ते इतके वाईट वठले होते, की त्याला रडू येऊ लागले.

मग पलंग कुरकुरला आणि मास्तरांचे दोन्ही पाय जमिनीला लागले.

"दाढीचं पाणी ठेव," ते म्हणाले. "आणि काकासाहेबांना या खेपेला दोन सांगू. तुझ्या हाताचा काही भरवसा नाही."